शिल्लक माया

"शेजारच्या काकू फार रेवाळू होत्या." भाचीच्या पुस्तकाची प्रुफं तपासताना या वाक्यापाशी मी अडखळले, मग हसले, आणि मग ते हसू विरलंच.

आमची मुक्ता गेली चार वर्षं एका गाजलेल्या कादंबरीतल्या माया नावाच्या नायिकेच्या पुढच्या गोष्टी इंटरनेटवर लिहिते. फुकट, हौसेनं. आता एक प्रकाशक म्हणाले, नावं बदला, पुस्तक काढू. तिनं कॉम्प्युटरला सांगितलं, 'माया' दिसेल तिथे 'रेवा' कर. त्यानं मायाळूतली मायाही सोडली नाही.

मुक्ताची मेहनत मी पाहिली आहे. तिचं नाव पुस्तकावर छापून यावं असं मलाही वाटतं. तरी मन मला खातंय. मायाचं चिडणं, चहा बशीत ओतून फुंकर मारत पिणं, सगळं मूळ लेखिकेचं, आणि ते इथे तसंच आहे. फुकट लिहायची तेव्हा मुक्ता पहिल्याच ओळीत सांगायची, 'माया माझी नाही, त्या बाईंची आहे.' विकायचं ठरल्यावर सगळ्यात आधी ती ओळ गाळावी लागली.

पुढच्या पानावर 'आईची रेवा' सापडली. तीही मी दुरुस्त केली.

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. "मावशी, नीट बघितलंस ना? कुठे माया शिल्लक नाही ना राहिली?"

"दोन ठिकाणी आहे," मी म्हणाले. "तेवढी राहू दे."