मंग्याची सोय

हे किस्से मी सांगतो आहे तसेच घडले का, याची मला पूर्ण खात्री नाही. आमच्या कट्ट्यावर आम्ही तिघे म्हातारे आणि आमची तीन कुत्री. एकच प्रसंग तिघे तीन तऱ्हेने सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी त्यात चौथी तऱ्हा मिसळते. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं. मोजल्याशिवाय बोलू नये, असं मुलांना सांगितलं. आता कालच्या भाजीचंही नाव छातीठोक सांगता येत नाही. पण कुत्र्यांच्या गोष्टी अशा साठत जातात की कुठेतरी ओतल्याच पाहिजेत.

कट्टा म्हणजे नंदुरबारच्या एका मैदानाच्या कडेला, निंबाखालचा सिमेंटचा बाक. तिथे रोज सकाळी येणारे नाना म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. निम्मी नोकरी धडगावच्या घाटात गेली. दुसऱ्या आक्का. अक्कलकुव्याकडे नर्स होत्या, आणि अजूनही समोरच्याचा हात हातात आला की नाडी बघतात. तिसरा मी. मला सगळे 'सर' म्हणतात. त्या नावाला साजेसं मला काही येतं का, ही शंका मला पहिल्या पगारापासून आहे.

*

कुत्रा पाळावा की नाही, यावर मी वर्षभर विचार केला. पुस्तकं वाचली. कोणत्या जातीला ऊन सोसतं, कोणत्या जातीचं कंबरडं लवकर जातं, सगळं पाहिलं. रोज कट्ट्यावर नवी शंका मांडायचो. नाना ऐकून घ्यायचे.

एका मंगळवारी नाना धडगावहून शेअर जीपने आले आणि बाजाराची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. पिशवी हलली. आतून एक तांबूस थोबाड वर आलं.

मी म्हणालो, "नाना, माझा विचार अजून पूर्ण व्हायचाय."

नाना म्हणाले, "सर, तुम्हना ईचार व्हवापर्यंत हाई कुत्रं म्हतारं व्हई जाई."

मंगळवारी आला म्हणून मंग्या. त्याच दिवशी मी मनात गणित मांडलं. कुत्र्याचं आयुष्य बारा-चौदा वर्षं. माझी सत्तरी दारात उभी. हिला गुडघ्यांमुळे दोरी धरून चालता येत नाही, आणि मुलगी पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. मग माझ्यानंतर मंग्याचं काय? मी ते गणित बायकोला दाखवलं. तिने पिलाला दूध घातलं आणि म्हणाली, "तुमचं गणित तुमच्यापाशी ठेवा. त्याला भूक लागलीय."

तो प्रश्न मात्र तेव्हा जो मांडीवर येऊन बसला, तो उठलाच नाही.

*

नानांच्या कुत्र्याचं नाव कंडक्टर. "नोकरीभर तो मन्हा मागे व्हता, आते पुढे चालू द्या," असं नानांचं म्हणणं.

हा कंडक्टर घरातून निघताना उंबऱ्यावर अडून बसायचा. नाना ओढायचे, दटावायचे, काही उपयोग नाही. मी वाचलेलं सांगितलं, की बिस्किटाचं बक्षीस द्या. त्याने बिस्कीट खाल्लं आणि पुन्हा बसला. शेवटी एकदा आतून वहिनींनी, म्हणजे नानांच्या बायकोने, कंटाळून पेल्यावर चमचा वाजवला. टिंग टिंग. कंडक्टर ताडकन उठला आणि चालू लागला.

पुढे आमच्या ध्यानात आलं, की कंडक्टर नव्हे, नानाच निघत नव्हते. डबल बेल मिळाल्याशिवाय त्यांचा पायच पडायचा नाही, आणि कुत्रा त्यांच्या पायाकडे बघून बसायचा. आता वहिनी रोज पेला वाजवतात. एकदा त्या माहेरी गेल्या, तर नाना दहा मिनिटं दारात उभे. शेवटी शेजारच्या सुनेने सायकलची घंटी वाजवली तेव्हा गाडी सुटली.

*

हा किस्सा माझ्या अकलेचा आहे. थंडीचे दिवस होते. रोज त्याच मैदानात फिरून कुत्र्यांना कंटाळा येतो, त्यांना नवे वास मिळाले पाहिजेत, असं मी कुठेतरी वाचलं. मी म्हणालो, "उद्या गावाबाहेरच्या रस्त्याने जाऊ. मोकळी हवा आहे."

आता नंदुरबारात थंडीत गावाबाहेर काय असतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मिरचीच्या पथाऱ्या. शेतंच्या शेतं लाल, मिरची वाळत पडलेली. मीही ते दरवर्षी बघतो, सुंदर दिसतं म्हणून पाहुण्यांना दाखवायला नेतो. पण वारा कोणत्या दिशेने आहे, हे काही भौतिकशास्त्राच्या माणसाने बघितलं नाही.

आधी आक्कांची पिंकी शिंकली. मग मंग्या, मग कंडक्टर, मग आम्ही तिघे. शिंकत, डोळे पुसत, दोऱ्यांत पाय अडकवून घेत रस्त्यात उभे. पथारीवरची राखणदार बाई तोंडाला रुमाल बांधून खाली बसली होती. तिने आमच्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "सर, यास्ले मिरची दखाडाले लई उनात का?"

घरी आल्यावर मला धास्ती वाटली, की मंग्याचं नाक कायमचं बिघडलं. दुसऱ्या दिवशी त्याला मास्क बांधला. त्याने तो खाल्ला. मग पोटाची धास्ती.

*

त्या धास्तीपायी मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण, शांत. त्यांनी मंग्याचं नाक बघितलं, पोट दाबलं, कान बघितले. मी बाजूला उभा राहून सांगत होतो: झोपेत पाय हलवतो, कधीकधी उसासा टाकतो, परवा उगाच भिंतीकडे बघत बसला होता.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि त्यांच्या मदतनिसाला सांगितलं, "कुत्र्याला सोड. सरांना खुर्ची दे, पाणी दे."

हे मी कट्ट्यावर सांगायला नको होतं. आक्कांनी लगेच माझा हात धरला. नाडी मोजता मोजता म्हणाल्या, "मंग्यानं नाक बरं शे. तुम्हनं काळीज पळी ऱ्हायनं. त्याले दोरी बांधा."

*

एकदा धीर करून मी तो प्रश्न कट्ट्यावर काढला. आडवळणाने. म्हणालो, "नाना, आक्का, समजा आपल्यापैकी कुणाला काही झालं, तर कुत्र्यांची काय व्यवस्था?"

नाना म्हणाले, "मन्हा कंडक्टर आक्काकडे जाई. आक्काना हात गोड शे."

आक्का म्हणाल्या, "मन्ही पिंकी सरांकडे. सर तिले शिव्या देवाव नहीत."

मी म्हणालो, "आणि माझा मंग्या नानांकडे."

क्षणभर आम्हाला फार बरं वाटलं. सगळ्यांची सोय लागली होती. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. मी म्हणालो, "पण आपण तिघेही एकाच वयाचे. ही व्यवस्था चालायची तर..."

आक्कांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मंग कोनी मरानं नही," त्या म्हणाल्या. "ठरनं. उठा आते, ऊन व्हयनं."

*

आणि मग ठरलेलं मोडायची पाळी माझ्यावरच आली. आक्कांनी ज्याला दोरी बांधायला सांगितलं होतं त्या काळजाच्या नळ्या तुंबल्या, आणि ऑपरेशनसाठी सुरतेला जावं लागलं. ही माझ्याबरोबर. मंग्या नानांकडे.

मी नानांना सगळं समजावून सांगितलं. भाकरी दुधात किती भिजवायची, पाणी कुठल्या भांड्यात. नाना मान हलवत राहिले. "सर, कुत्रं शे ते. भूक लागनी का खाई लेई. तुम्ही जावा."

एक गोष्ट मात्र मी सांगितली नाही. सांगायची लाज वाटली. सकाळी मंग्या खायला बसला, की मी शेजारी खुर्ची टाकून त्याला वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचून दाखवायचो. मोठ्याने. वर्गात बोलायची सवय, निवृत्त झाल्यावर ऐकणारं कुणी उरलं नाही, एवढंच त्याचं कारण. पिलू होता तेव्हापासून त्याने प्रत्येक घास अग्रलेखाबरोबर गिळलेला. हे नानांना, निम्म्या सातपुड्याला ओळखणाऱ्या माणसाला, कोणत्या तोंडाने सांगणार? आणि नानांच्या घरी वर्तमानपत्र येतच नव्हतं. "गाडी चालाडताना रस्ता वाचना, तितलं पुरे," असं ते म्हणत.

सुरतेहून मी रोज फोन करायचो. "नाना, खातो का?"

"खास ना सर. तुम्ही आराम करा."

आवाज जरा बसलेला वाटायचा. मला वाटलं, काहीतरी लपवतात. मंग्या गेला असावा आणि माझ्या छातीचे टाके बघून कुणी सांगत नसावं. मी हिला तसं म्हणालोही. ती म्हणाली, "गेला असता तर नानांचा घसा कशाला बसला असता?"

परत आलो तेव्हा मंग्या चांगला गुबगुबीत झाला होता. अंगावर उडी मारणार म्हणून हिने त्याला घट्ट धरून ठेवलं, आणि तो जागच्या जागी शेपटीने जमीन झाडत राहिला.

काही दिवसांनी मी हळूहळू कट्ट्यावर जाऊ लागलो. मिरचीच्या भावाची चर्चा चालली होती. नाना म्हणाले, "यंदा माल बरा शे. तथापि भावनं सांगता येत नही."

आक्कांनी मान वळवली. "नाना, तथापि?"

"काय व्हयनं? मराठी शब्द शे."

दोन दिवसांनी मैदानातल्या चिखलाकडे बघून ते म्हणाले, "ही बाब चिंताजनक शे." मला वाटलं, भुलीच्या औषधाचा माझ्या कानांवर परिणाम झाला. सुरतेच्या डॉक्टरांना फोनही केला. त्यांनी तसं काही होत नाही असं सांगितलं, तरी मी शंका मनातून काढली नाही. नानांना विचारलं तर ते कंडक्टरची दोरी सोडवत बसायचे.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मंग्याच्या तोंडावर आता पांढरे केस आहेत, माझ्या तर सगळीकडेच. गेल्या हिवाळ्यात नानांचा पाय मुरगळला म्हणून मी दुपारी त्यांच्या घरी गेलो. कॉटवर उशीशी वर्तमानपत्र. तारीख आजची. मधलं पान वर काढून घडी घातलेलं.

मी विचारलं, "नाना, पेपर कधीपासून?"

नाना छताकडे बघू लागले. चहा घेऊन आलेल्या वहिनींनी सांगून टाकलं.

"तुम्ही सुरतले व्हतात तवयपासून. दोन दिन मंग्यानी भाकरले तोंड लायं नही. दूध नही, काही नही. तिसरा दिन तुम्हना शेजारीनकडथाईन समजनं का सर वाचतस, तवय कुत्रं खास. मंग हाऊ माणूस स्टँडवरथाईन पेपर लई उना. पहिलं पान वाचं, मंग्यानी तोंड फिरायी लिनं. क्रिकेट वाचं, तरी नही. मधलं पान वाचं, मोठ्या आवाजमा, अडखळी अडखळी. तवय खादं त्यानी. महिनाभर घसा बसेल व्हता यास्ना."

मी नानांकडे बघितलं. खरं का, म्हणून विचारलं. ते "हं" म्हणाले.

"पण मंग्या तर केव्हाच घरी आला," मी म्हणालो. "मग आता कुणाला वाचता?"

"कंडक्टरले. त्याले काही समजत नही, झोपी जास."

"मग कशाला?"

नानांनी पायाखालची उशी सरळ केली. म्हणाले, "तुम्हनं काय खरं शे, सर? सवय ऱ्हायेल बरी."