डायलेसीनं चुकवलेला चिरोम्बो

कासुंगूच्या जंगलाला लागून असलेल्या त्या गावात डायलेसी म्बेवेइतकी तोंडाळ बाई दुसरी नव्हती. तिचा नवरा फानिझो एकदा वैतागून बहिणीकडे राहायला गेला, आठवड्यात परत आला. म्हणाला, "तिकडं फार शांत. झोपच लागेना."

डायलेसीला इंग्रजी यायचं, म्हणजे येतं असं तीच सांगायची. त्यामुळे जंगली जनावरं वाचवायला परदेशातून इंग्रिडबाई आल्या, तेव्हा दुभाषी म्हणून हीच पुढं सरसावली.

आंब्याखाली सभा भरली. बाई कळवळून बोलल्या. डायलेसीनं सांगितलं, "बाई म्हणतात, न्यामावर प्रेम करा."

आता न्यामा म्हणजे जनावर, आणि न्यामा म्हणजे मटणही. फानिझो मागून ओरडला, "प्रेमाला आमची कधीच ना नव्हती! वाढताय कधी?"

"मेल्या, रानातला न्यामा!"

"मग तर दोन घास जास्तच जातील!"

सभा खिदळली. बाईही हसल्या. लोकांना जनावरांचा किती लळा, असं त्यांना वाटलं.

पुढच्या सभेला डायलेसीनं शब्दच बदलला. चिरोम्बो! म्हणजे हिंस्र श्वापद. ह्याचं मटण कुणी मागणार नाही. पण हा शब्दही भलताच ऐसपैस. पिकातलं तण चिरोम्बो, कीड चिरोम्बो, फुटबॉलमध्ये गोलांचा धडाका लावणारा गडीही चिरोम्बोच. आणि मोठ्या नाचात गावातले पुरुष मुखवटे घालून उतरतात तेही चिरोम्बो. ती माणसं नव्हेतच, रानातून आलेली श्वापदं, असं सगळ्यांनी धरून चालायचं. आत कोण आहे ते बायकांना कळलं तरी त्यांनी तसं दाखवायचं नाही.

बोलायच्या घाईत डायलेसी हे साफ विसरली.

"बाईंना गावातले चिरोम्बो मोजायचेत," तिनं खणखणीत आवाजात सांगितलं. "कुठं लपतात, काय खातात, नर किती, माद्या किती. मग गळ्यात पट्टे बांधणार!"

फानिझोनं नकळत स्वतःचा गळा चाचपला.

गावप्रमुख खाकरले. "नर-मादी कोण तपासणार म्हणालीस?"

"बाई स्वतः!"

एक म्हातारी आनंदानं टाळ्या पिटू लागली. प्रमुखांनी सभा तिथंच मोडली आणि डायलेसीला दोन कोंबड्यांचा दंड ठोठावला. ती आठवडाभर कुणाशी बोलली नाही. गावानं तो आठवडा सुखात काढला.

कापणीनंतरच्या नाचात नवाच मुखवटा उतरला. सुपाएवढं उघडं तोंड, दोरी ओढली की जबडा टकाटका वाजतोय, मागं गवत कोंबून केलेला भला मोठा पार्श्वभाग. ढोलावर तो असा काही हलला की लोक हसून लोळले. आपलीच नक्कल ओळखून डायलेसी संतापानं फणफणली. मग तिनं त्या श्वापदाचे पाय पाहिले. डावा अंगठा वाकडा. रोज तिच्याच चटईवर पसरलेला असायचा तो.

बोलायची सोय नव्हती. ओठ चावून ती उभी राहिली, आणि मग तिलाच हसू फुटलं. बायकांच्या घोळक्यात शिरून सगळ्यात मोठ्यानं ती गायली.

घरी फानिझो घामेजलेला जेवायला बसला. ताटात नुसताच न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा.

"तोंडीलावणं?"

"चिरोम्बोनं खाल्लं."

"कसला चिरोम्बो?"

"मला काय ठाऊक? मी बाईमाणूस," डायलेसी म्हणाली आणि कोरडा न्सिमा आणखी थोडा वाढला.