दावी तेवढीच
सुंभाच्या ओल्या दाव्याचा वास आला की मला पोलादपूरच्या दूध डेअरीतली ती सकाळ आठवते. डोंगरावरच्या आणखी वाड्या जोडायच्या म्हणून आदल्या दिवशी मी तिथे दुप्पट ताकदीचा सर्व्हर बसवला होता आणि छाती फुगवून फिरत होतो. सकाळी वाड्यांवरचे वजनकाटे त्याला एकेक करून जोडले जाऊ लागले, आणि मध्येच पुढचे सगळे बाहेर अडकले. टँकर दारात खोळंबला. मी मेमरी पाहिली, डिस्क पाहिली; जागा भरपूर रिकामी! तेवढ्यात वाडीवरचा काटा बंद म्हणून एक म्हातारी किटली डोक्यावर घेऊन खाली आली. किटलीचं झाकण दाव्याच्या तुकड्याने बांधलेलं. माझी रड ऐकून म्हणाली, "गोठा मोठा बांधलास रे, पन दावी जुनी तेवढीच हायत काय? मग जास्तीची गुरं बांधशील कुठं?" मी हसलो, आणि हसता हसता थबकलो. जुन्या सर्व्हरची सेटिंग मी जशीच्या तशी उचलून आणली होती. एका वेळी किती काटे जोडू द्यायचे, तो आकडा जुनाच होता. तो वाढवला आणि काटे धडाधड जोडले गेले. "एवढा शिकलास, तुझ्या घरी गुरं नायत काय रे?" म्हातारीने विचारलं. हल्ली नवा सर्व्हर बसवला की मी आधी दावी मोजतो. पण नाते गावच्या आमच्या गोठ्यात तेव्हा आठ गुरं होती, हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.