तिसरा हंप आणि आमचं मागचं सस्पेन्शन

माझ्या सासूबाईंच्या कमरेत उसण भरली ती आमच्या गल्लीतल्या तिसऱ्या हंपवर, म्हणजे स्पीडब्रेकरवर, ही गोष्ट आता आमच्या घरात सर्वमान्य झाली आहे.

दोन वर्षांपूर्वी त्या पुण्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे, दुबईजवळच्या रास अल खैमाला आल्या. विमानतळावरून मी त्यांना माझ्या गाडीतून आणत होतो. गाडी तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि मागून जरा बसली होती. (जरा म्हणजे, डिकीत कुणी सिमेंटची पोती विसरून गेलंय असं वाटण्याइतकी.) पहिल्या दोन हंपना सासूबाई काही बोलल्या नाहीत. तिसऱ्याला मागून "आई गं!" असा आवाज आला, आणि महिनाभराच्या मुक्कामातले तीन आठवडे त्यांनी आमच्या सोफ्यावर आडव्या पडून काढले. दुबईतले सगळे उंच टॉवर त्यांनी टीव्हीवर पाहिले.

यंदा त्या पुन्हा येणार म्हटल्यावर मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, निकाल देऊन टाकला.

"सतीश, आईला आणायला मी टॅक्सीने जाणार. आणि ही गाडी विकायची. खलास."

"अगं, फक्त मागचं सस्पेन्शन गेलंय. इंजिन बघ, अजून कसं..."

"आई इंजिनवर बसत नाही."

पण गाडी विकायला माझं मन तयार होईना. मी एकटाच इथे नोकरीला आलो, तेव्हा हौसेने घेतलेली ही पहिली वस्तू. आमच्या लेकीचा, ईराचा जन्म झाला तेव्हा तिला हॉस्पिटलमधून घरी आणलं ते याच गाडीच्या मागच्या सीटवर, ताशी तीसच्या वेगाने, मागचे सगळे हॉर्न वाजवत असताना. हे सगळं मी मंजिरीला बोलून दाखवलं. (बोलताना आवाज कापला. मुद्दाम नाही, आपोआप.) ती विरघळली, पण अर्धीच.

"ठीक आहे. आई आली की रविवारी तिला बर दुबईला न्यायचंय. देऊळ आणि मीना बाजार. याच गाडीतून जाऊ. वाटेत आई एकदाही 'आई गं' म्हणाली नाही, तर गाडी राहील. म्हणाली, तर सोमवारी जाहिरात."

आमच्या भिंतीपलीकडे युसूफभाई राहतात. मूळचे पेशावरचे, वीस वर्षं इथे गॅरेज चालवतात. त्यांना मी नुसतं सांगितलं आणि ते म्हणाले, "सतीशभाई, गाडी गॅरेज ले आओ. दो घंटे का काम है."

शहाण्या माणसाने किल्ली तिथेच त्यांच्या हातावर ठेवली असती. पण मी टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दुसऱ्यांनी केलेल्या कामावर दिवसभर लाल शिक्के मारणं हा माझा पेशा. स्वतःच्या हातांनी मी शेवटचं काही बनवलं ते शाळेत असताना, एक आकाशकंदील, आणि तोही पेटला. त्यामुळे आयुष्यात एकदा तरी एखादं काम आपण करून दाखवायचं, असं माझ्या मनाने घेतलं होतं.

"नहीं युसूफभाई, मैं घर पे ही करूँगा."

युसूफभाई "इन्शाल्ला" म्हणाले आणि घरात गेले.

सासूबाई यायच्या आधीच्या शनिवारी मी नवे स्प्रिंग, नवे शॉक अब्सॉर्बर आणि सांध्यांमधले रबरी बुश आणले, अंगणात गाडी जॅकवर चढवली आणि कामाला लागलो. काम अर्ध्या दिवसाचं आहे असं व्हिडिओत सांगितलं होतं. (व्हिडिओ मी दुप्पट वेगाने पाहिला होता. वेळ वाचतो.) पण माझी पद्धत मात्र पक्की होती. मंजिरीचा जुना मिसळणाचा डबा घेतला. डावीकडचे बोल्ट मोहरीच्या आणि जिऱ्याच्या वाटीत, उजवीकडचे हळदीच्या आणि हिंगाच्या, आणि प्रत्येक वाटीवर चिठ्ठी. त्या डब्याचा फोटो मी ऑफिसच्या ग्रुपवरही टाकला.

पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गंजलेले तीन बोल्ट सुटले. बाकीचे सोडवण्यात आठवड्याच्या सगळ्या संध्याकाळी गेल्या. शुक्रवारी सकाळी सासूबाई टॅक्सीतून दारात उतरल्या, तेव्हा गाडी मागची दोन्ही चाकं काढलेल्या अवस्थेत स्टँडवर उभी होती.

"अगं बाई, गाडीला काय झालं हो?"

"काही नाही आई. तुमच्या कमरेसाठीच चाललंय."

"माझ्यासाठी?" त्यांना एकदम भरूनच आलं. "कशाला एवढा त्रास घेता, सतीशराव?"

मी ऑफिसला गेलो. शुक्रवारची अर्धी सुट्टी, दुपारी परत आलो, तर ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर माझे सगळे बोल्ट देवघरातल्या उपकरण्यांसारखे लखलखत होते. लहानापासून मोठ्यापर्यंत, एका रांगेत.

"किती कळकट झाले होते हो," सासूबाई म्हणाल्या. "चिंच-मीठ लावून घासले. आणि मिसळणाच्या डब्यात कुणी ठेवले होते? तोही स्वच्छ केला. चिठ्ठ्या टाकून दिल्या, तेलकट झाल्या होत्या."

डावं कुठलं, उजवं कुठलं, आता फक्त देवाला ठाऊक. तोंडाशी आलेलं मी बोलणार होतो. पण दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीने ज्यांची कंबर मोडली, त्या बाईंनी तीच कंबर वाकवून तासभर माझे बोल्ट घासले होते.

"छान केलंत, आई," मी म्हणालो.

शनिवारी सकाळभर मी प्रत्येक बोल्ट प्रत्येक भोकाला लावून पाहिला, मुलीसाठी स्थळं पाहावीत तसा. पत्रिका जुळवता जुळवता बारा वाजले. मग सगळे अंगातली ताकद लावून आवळले, चाकं बसवली आणि गाडी खाली घेतली.

खाली घेतली म्हणजे पुढून. मागून ती खाली यायलाच तयार नव्हती. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो आणि पुढून गुडघ्यावर असतो ना, गाडी नेमकी त्याच क्षणी थबकली होती.

ईरा बारा वर्षांची आहे आणि तिने तो व्हिडिओ साध्या वेगाने पाहिला होता. "बाबा, द गाय सेड टायटन इट ओन्ली व्हेन द कार इज ऑन इट्स व्हील्स."

म्हणजे बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावरच आवळायचे. मी ते गाडी स्टँडवर अधांतरी असताना आवळले होते, त्यामुळे रबर आता गाडीला त्याच उंचीवर धरून बसलं होतं. हे मला त्याच क्षणी समजलं. पण मुलगी, बायको आणि सासूबाई अशा तिघींसमोर ते समजल्याचं दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

"नवीन स्प्रिंग आहेत," मी म्हणालो. "वजन पडलं की बसतील."

"मग आम्ही बसतो ना," सासूबाई म्हणाल्या, आणि खरोखरच मागच्या सीटवर जाऊन बसल्या. त्यांच्या शेजारी मंजिरी, पलीकडे ईरा. डिकीत मी तांदळाच्या दोन गोण्या, पाण्याचे चार मोठे कॅन आणि सासूबाईंची अजून न उघडलेली बॅग ठेवली. (बॅगेत भाजणी, गोडा मसाला आणि सहा किलो पोहे होते. इथल्या प्रत्येक दुकानात पोहे मिळतात, पण ते सांगण्याची ही वेळ नव्हती.) गाडी बोटभरही खाली आली नाही.

"जरा उड्या मारता का?"

"सतीश, आईला उड्या मारायला सांगतोयस?"

एवढ्यात भिंतीवरून युसूफभाईंचं डोकं वर आलं. "सलाम आलेकुम. कहाँ की तैयारी है?"

"कहीं की नहीं," मंजिरी म्हणाली. "बस, बैठे हैं."

युसूफभाईंनी आधी गाडीकडे पाहिलं, मग आत बसलेल्या तीन पिढ्यांकडे. "माशाल्ला," म्हणाले आणि डोकं खाली गेलं.

त्या दिवशी जेवायला श्रीखंड-पुरी होती. सासूबाई इतका आग्रह करत होत्या की मी चौदाव्या पुरीनंतर मोजणं सोडलं. आडवा झालो तो थेट संध्याकाळच्या, मगरिबच्या अजानला जागा झालो. डोळे चोळत अंगणात आलो, तर काय! गाडी मागून-पुढून अगदी सपाट उभी होती.

मी सगळ्यांना हाका मारून बोलावलं. "बघा. बसले की नाही स्प्रिंग? मी म्हणत होतो."

"खरंच की," मंजिरी म्हणाली.

"हाताला यश आहे हो तुमच्या," सासूबाई म्हणाल्या. ईरा काहीतरी बोलणार होती, पण मंजिरीने तिला पाणी आणायला आत पाठवलं.

रविवारी निघालो. पहिला हंप, दुसरा हंप. तिसऱ्याच्या आधी मी आरशात सासूबाईंचा चेहरा पाहिला. गाडी अलगद वर गेली, अलगद उतरली. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यानंतर बर दुबई येईपर्यंत, म्हणजे चांगला सव्वा तास, मी तिघींना सस्पेन्शनचं शास्त्र समजावलं. कुणी जांभईसुद्धा दिली नाही. जाताना नाही, येताना नाही, सासूबाईंच्या तोंडून 'आई गं' काही आलं नाही.

घराच्या फाटकात मंजिरी म्हणाली, "राहिली बाबा तुझी गाडी." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एसीची हवा थेट डोळ्यांवर येते, असं मी सांगितलं.

देवळातले पेढे घेऊन मी लगेच युसूफभाईंकडे गेलो. पेढे निमित्ताला. खरं तर मला त्यांना सगळं सांगायचं होतं, आणि मी ते सविस्तर सांगितलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "पाँच सौ किलोमीटर के बाद एक बार दिखा देना. टाइट तो मैंने बराबर किया है, फिर भी."

"आपने?"

"कल दोपहर. आप सो रहे थे. भाभी ने बुलाया था. बोलीं, गाडी चली गई तो इनका चेहरा मुझसे देखा नहीं जाएगा." त्यांनी दुसरा पेढा उचलला. "आपकी सास ने चाय पिलाई. बेटी ने टॉर्च पकडी."

जिने गाडी विकायला काढली, तिनेच ती वाचवली होती, आणि वर माझं सव्वा तासाचं व्याख्यान मान डोलवत ऐकलं होतं. त्यांच्या फाटकापासून आमच्या फाटकापर्यंत वीस पावलं आहेत. तेवढ्यात मी ठरवलं की आत जायचं, सगळं कबूल करायचं आणि तिघींचे मनापासून आभार मानायचे.

आत मंजिरी पुण्याला तिच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. "अगं, सगळं सतीशने घरी केलं. कुणाचाही हात न लागता." शेजारी सासूबाई होकारार्थी मान हलवत होत्या. मंजिरीच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतका अभिमान होता की तो खोटा पाडायचं माझ्या जिवावर आलं.

"घे," तिने फोन माझ्या हातात दिला, "पल्लवीला विचारायचंय, तू हे कसं जमवलंस."

मी घसा साफ केला, आणि बुश नेमके कधी आणि कसे आवळायचे, ते मेहुणीला पंचवीस मिनिटं समजावून सांगितलं.