कुंभारणीच्या घरातला कोळी

सन दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा बाहत्तर. शाळा तिसरीपर्यंत झाली, पण चुन्याचं आणि गिलाव्याचं काम पन्नास वर्षं केलं. धरमपेठेपासून मनीषनगरपर्यंत नागपुरातल्या कितीतरी भिंतींना माझा हात लागला आहे. त्या सकाळी पारशिवनीला निघालो तो हौसेनं फिरायला नाही. माझा शब्द खरा करायला निघालो.

झालं असं, की आमच्या वरच्या खोलीत अश्विनी मॅडम भाड्यानं राहतात. कॉलेजात शिकवतात, कोळ्यांचा अभ्यास करतात. एकदा त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. तपकिरी कोळी, पाठीवर चुन्याचा बारीक कुंचला ओढावा तशी पांढरी रेघ. पारशिवनीजवळच्या गावात दिसला आणि फोटो काढताच झाडाच्या सालीत शिरला. नुसत्या फोटोवर नोंद होत नाही म्हणे, पूर्ण वाढलेला कोळी हातात असावा लागतो. त्यांच्या तीन खेपा रिकाम्या गेल्या होत्या.

"हा तर मी किती वेळा पाहिला," मी म्हणालो.

मॅडम हसल्या. "काका, हा भारतात अजून कोणीच पाहिल्याची नोंद नाही."

"मंग मी कोन्या देशात चुना मारून राहिलो होतो?"

भिंत खरवडताना कुंभारणीची (मातीचं घर बांधणाऱ्या माशीची) घरं फुटतात. ती आपल्या पिलासाठी कोळी धरते, नांगी मारून लुळे करते आणि आत ठासून भरते. पारशिवनीकडच्या कामावर अशाच घरांत मी हा रेघवाला पाहिला होता. सालीतलं जे माणसाला दिसत नाही ते तिला दिसतं. हे ऐकून मॅडमनी लगेच दिवस ठरवला. रविवारी आम्ही दोघं निघालो.

पारशिवनीची बस समोर उभी होती. मी हट्टानं मॅडमना रामटेकच्या बसमध्ये बसवलं, ही लवकर पोचते म्हणून. त्यापायी आमडी फाट्यावर उतरून तासभर उन्हात उभं राहावं लागलं. मॅडम सारख्या घड्याळ पाहत होत्या, ते जास्त लागलं. मग त्यांना आलूबोंडा खाऊ घातला, वरून रस्सा. एवढा झणझणीत, की आधी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग त्यांना हसू आलं. पुढं काळीपिवळी (भाड्याची जीप) मिळाली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या (बांध घातलेली शेतं) लोंब्या धरू लागल्या होत्या. पार मागे जंगलाची निळी कड.

गावात पहिल्याच घरी निराशा. सिमेंटच्या भिंती, गुळगुळीत रंग, कुंभारणीनं बसावं कुठं? दुसऱ्या ठिकाणी कुंभारणीचं घर होतं, पण जुनं, भोकं पडलेलं, पिलं उडून गेलेली. मॅडमचा चेहरा उतरला. तिसरं घर वनमालाबाईंचं. छपरीत (पुढच्या पडवीत) दाराच्या वर कुंभारणीचं घर होतं आणि त्याचा एक कप्पा ताज्या, काळसर मातीनं लिंपलेला होता. मी पिशवीतून दाभण काढलं.

"थांबा गा भाऊ! हात नोका लावू!" वनमालाबाई हातात पळी घेऊनच बाहेर आल्या.

"काहून बाई?"

"सुनेले सातवा महिना आहे. आठ वर्षांनी घरात पाळणा बांधून राहिलो आम्ही. ज्या महिन्यात समजलं, त्याच महिन्यात ह्या कुंभारणीनं घर मांडलं. थे फोडाल तं मी तुमचं डोस्कं फोडीन."

याचा त्याचा संबंध नसतो हे सांगायला मॅडमनी तोंड उघडलं. मी खुणेनं थांबवलं. माझी बायको गरोदर होती तेव्हा मीही कुंभारणीचं घर सोडून भोवतीनंच चुना मारला होता.

"फोडत नाही, बाई. दार उघडतो, एक पाहुना काढतो, दार लावतो."

"अन् माशी घर सोडून गेली तं?"

"तं उद्या येऊन तुमच्या शिव्या खाईन."

आतून सून म्हणाली, "करू द्या ना आई. इतकी लांबून आली मानसं."

वनमालाबाईंनी पळी खाली घेतली, पण हलल्या नाहीत.

माशी हातपंपाजवळच्या ओलीतून माती आणत होती. मीही तिथलीच आणली. मॅडमनी स्टूल धरलं, मी चढलो. ताज्या कप्प्याला हरभऱ्याएवढं दार केलं. अंडं तळाच्या कोळ्यावर असतं, म्हणून वरचेच काढायचे. पहिला हिरवा. दुसरा असाच कोणतातरी. तिसरा बाहेर आला आणि पाठीवर रेघ! मॅडमनी झटकन बाटली पुढं केली. पहिले दोन मी परत आत ठेवले, अंगठ्यानं माती लिंपली आणि माशीच्या कामासारख्या बारीक वळ्या नखानं काढल्या.

"लेकराच्या डब्यातली एक भाकर नेली तुम्ही," वनमालाबाई म्हणाल्या. मग जेवू घातल्याशिवाय सोडलं नाही. भात आणि पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा.

नागपुरात परतल्यावर दिवे लागायच्या वेळी मॅडमनी वर बोलावलं. त्या कितीतरी वेळ दुर्बिणीला (सूक्ष्मदर्शकाला) डोळा लावून बसल्या होत्या. जाड पुस्तकातल्या आकृत्यांशी ताडून पाहत होत्या.

"काका, पूर्ण वाढलेली मादी आहे. तोच कोळी. आजवर बाहेरच्या एकाच देशात सापडलेला. आपल्या देशातला हा पहिला."

बाटलीत चिठ्ठी टाकतात. गाव, तारीख आणि कोणी गोळा केला त्याचं नाव. ते नाव मॅडमनी मलाच लिहायला लावलं. माझा हात भिंतीचा, अक्षर मोठं. दोन चिठ्ठ्या वाया गेल्या. तिसरीत मावलो.

छाती फुगली, खोटं कशाला बोलू? पण जिना उतरताना ती ओली माती डोळ्यांपुढून जाईना. शब्द मी दोन ठिकाणी दिला होता. खरा एकच झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं, या वेळी पारशिवनीच्याच, मी पुन्हा गेलो. वनमालाबाई छपरी झाडत होत्या. त्यांनी केरसुणीनंच वर दाखवलं. कुंभारीण माझ्या लिंपणावर बसून भुणभुणत होती. नखाच्या वळ्या दिसेनात, त्यांवर तिनं आपल्या मातीचा नवा हात दिला होता. पन्नास वर्षांत माझ्या कामावर दुसरा हात देणारी ही पहिलीच. मी स्टूल ओढलं आणि चहा येईपर्यंत तिचं काम पाहत बसलो.