हेडफोनमधला आवाज

हे मी घरीसुद्धा कधी बोललो नाही. सोलापुरातल्या आमच्या वाचनालयात मी रोज दुपारी पेपर वाचायला जातो. तिथं एक बाई नववी-दहावीतल्या पोरापोरींना कॉम्प्युटरवर बसवायच्या. तेही फुकट. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथंच.

बाई स्वतः माऊसला हात लावत नसत. दोन्ही हात पदरात गुंडाळून मागं उभ्या राहायच्या. "चुकू दे की, काय मोडत नाही," म्हणायच्या. पोरं हेडफोन लावून पुटपुटायची, हसायची. आमच्या गल्लीतली एका विणकराची मुलगी तर बोलताना लाजायचीसुद्धा. मी ताडलं, पलीकडं कुणीतरी पोरगा असणार.

एकदा बाईंना विचारलंच, "तुम्हाला यात काय मिळतं?"

"काका, लई दिवस लांबनं बघायलाव. एकदा हेडफोन लावून ऐका तरी!"

मी ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी मुलीच्या वडिलांना कारखान्याच्या दारात गाठलं आणि हळूच म्हणालो, "पोरगी वाचनालयात कुणाशी बोलते, बघत जा."

मुलगी यायची बंद झाली.

मुलीच्या वडिलांकडून बाईंना सगळं कळलं होतं. त्यांनी मुलीची रिकामी खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी हेडफोन लावले. इंग्रजी शिकवणारा यंत्राचा आवाज सावकाश विचारत होता, तुमचे वडील काय काम करतात? आणि उत्तरासाठी थांबत होता.

मी न ऐकताच बोललो, हे तिच्या वडिलांना तोंडावर सांगणं माझ्याकडून अजून राहिलं आहे.