टीव्हीची मागची बाजू

“डबा डोक्यावर घे अन् हितंच हुबा ऱ्हा. दिसूंदे समद्यांना.”

घराचे मालक म्हणाले. मी घेतला. वाशीजवळच्या गावातलं मोठं घर. भर दुपार. क्रिकेट बघायला अंगणात माणसं जमलेली, आणि त्यांच्यासमोर मी, टीव्हीला जोडायचा एचडीचा डबा डोक्यावर धरून. मालकांचं म्हणणं, मी नवा डबा लांबवला आणि बिघडलेला बसवला. कुणी हसत नव्हतं. हसले असते तर भीती कमी वाटली असती.

मी टीव्हीच्या डिश छत्र्या आणि सेट-टॉप डबे बसवणारा, तालुक्याच्या गावी, वाशीच्या एका दुकानात कामाला. त्या घरात टीव्ही माजघरात, देवघराला लागून. आमच्या वस्तीतल्या माणसाला तिथं प्रवेश नाही. तसं तोंडानं कुणी सांगत नाही. मालकांची म्हातारी आई उंबऱ्यात आडवी बसते, झालं. मग मी डबा उंबऱ्यापाशी ठेवायचा आणि ओट्यावरून ओरडायचं, “ती न्हवं, जाड वायर लावा.” आतली माणसं जोडणार. आठ वर्षं अशा घरांत मी असेच टीव्ही जोडले. न बघता जोडतो म्हणून स्वतःला हुशारही समजलो. त्याची आज लाज वाटते.

एचडीचं त्रांगडं असं, की टीव्हीवर पुढं एचडी लिहिलंय म्हणून चित्र येईलच असं नाही. मागं तसं सॉकेट लागतं. जुन्या टीव्हीत सॉकेट असलं तरी डब्याला तो टीव्ही मंजूर व्हावा लागतो. नाही झाला, तर मिनिटभर चित्र दिसतं आणि पडदा काळा होतो; त्या दुपारी तसंच झालं. हे सगळं कागदावर असतं, मुंगीएवढ्या अक्षरात, इंग्रजीत. नक्की काय ते मागचा नंबर वाचूनच कळतं. मी आधीच म्हणालो होतो, “मालक, मागचा नंबर बघू द्या की.”

“तुला वायरीशी काम. टीव्हीचं आमी बघतो.”

दुकानात फोन गेला, तसे आमचे दुकानदार आले. मालकांच्या भावकीतलेच. म्हातारीनं पाय आखडून वाट दिली, ते सरळ आत गेले. टीव्ही सरकवल्याचा आवाज आला. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. तेव्हाच मी ओळखलं, खोट डब्यात नाही, टीव्हीत आहे हे यांना कळलंय.

“चूक झाली ह्याची,” ते मालकांना म्हणाले. मग मला, “पाय धर अन् मिटव.”

मागं फाटकाची कडी पडली. माझ्या गाडीची चावी कुणीतरी काढून घेतली होती. नोकरी तर गेलीच होती, आता हातपाय राहतात का हा प्रश्न होता. तरी मी डबा उतरवून उंबऱ्यावर ठेवला.

“टीव्ही चालणारा न्हाय. तुमी आत बघून आलाय. म्या पाय धरणार न्हाय.”

कानाखाली बसली. कुणाची ते दिसलं नाही. फाटक उघडेपर्यंत बराच वेळ गेला. चालत घरी आलो. गाडी तिसऱ्या दिवशी ओढ्यात सापडली.

आता माझं मी काम करतो. पहिली अट एकच, टीव्ही असेल तिथवर मी येणार. ऐकून कितीतरी जण फोन ठेवतात.

काल त्याच घरातून फोन आला. नवा टीव्ही आणलाय म्हणे. आवाज मालकांचा.

“ओट्यावरनंच जोडून दे. मागचं ध्यानात हाय न्हवं?”

“हाय. म्हणून तर आत येऊन जोडणार.”

मग म्हणाले, “ये तर खरं.”

उद्या जातोय. म्हातारी उंबऱ्यात बसलेली असेल, फाटकाशी माणसं असतील. चपला बाहेर काढीन, कुणाच्याही घरी काढतो तशा. वाट नाही दिली तर डबा घेऊन माघारी फिरेन. पण ओट्यावरून ओरडणार नाही.